हर्षालीचा जबाब

बालकल्याण समितीनं हर्षालीला सातपूरच्या विमलकाकूंकडे सांभाळायला दिलं होतं. रोज संध्याकाळी दोघी मिळून कविता जुळवायच्या. आज मामा तिला परत न्यायला समितीसमोर आला होता.

"मामाकडे कशी राहायचीस, बाळा?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

हर्षालीनं शेजारी बसलेल्या काकूंचा पदर धरला.

काकू हळूच म्हणाल्या, "बोलवत नसेल, तर कवितेत सांग."

ती उभी राहिली.

"दाराला असायची कडी बाहेरून,
मी खिडकीशी बसायचे आभाळ पांघरून."

मामाची मान खाली गेली. मॅडमनी त्याचा अर्ज बाजूला सारला.

"किती छान! हे काकूंनी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"यमक काकूंनी शिकवलं," हर्षाली म्हणाली. "आभाळ तर मी आधीपासूनच पांघरत होते."