पुढे किती, मागे किती?

मुलाने परगावाहून हवा भरायचं छोटं मशीन पाठवलं आणि फोनवर फर्मान सोडलं, "बाबा, ट्यूबलेस टायर आहेत. आता पंक्चरवाल्याकडे खेटे घालू नका. आकडा एकदा सेट केला, की मशीन पुन्हा विचारतसुद्धा नाही!" जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचलेल्या बाबांनी रविवारी बाइकच्या चाकाला नळी जोडली. मशीन स्वस्तातलं, पण कामाला चोख. पडवीभर घरघरलं आणि बरोबर बत्तिसावर आपसूक थांबलं. घर पुन्हा चिडीचूप. बाबा बराच वेळ आकड्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनी किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्सकन हवा सोडून दिली आणि बाइक ढकलत कोपऱ्यावर नेली. पंक्चरवाल्याला दोन्ही आकडे तोंडपाठ होते, तरी दर रविवारच्या सवयीने त्याने विचारलंच, "पुढे किती, मागे किती, काका?" बाबांनी घसा खाकरला. मागच्या रविवारनंतर त्यांना कुणी काहीही विचारलं नव्हतं.