कुरकुरीत

टोस्टर दाबून बंद करत मी सासऱ्यांना हाक मारली, "अण्णा, आजही सँडविचच हं. ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकाला वेळच उरत नाही."

"चालेल गं. छान कुरकुरीत करतेस," अण्णा रोजच्यासारखं म्हणाले आणि ताटली घेऊन गॅलरीत गेले. त्यांना वाऱ्यावर बसून जेवायला आवडतं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

चटणी द्यायची राहिली म्हणून मागोमाग गेले. कवळी कठड्यावर काढून ठेवून अण्णा सँडविचचे तुकडे पाण्याच्या पेल्यात भिजवत होते. मला पाहताच त्यांनी पेला पाठीमागे लपवला.

"जरा गरम होतं," ते पुटपुटले.

मला त्यांच्याकडे बघवेना. आत येऊन मऊ भाताचा कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या. माझ्याकडे रोज नसायचा तो वेळ एवढाच होता.