चालू राहिलेला माइक

टाळ्या थांबल्या, लेक मंचावरून उतरली आणि बापाने मिक्सरवर तिचा आवाज खाली ओढला. तोही दिवाणखान्यातल्या स्पीकरपुरताच. त्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये तो येतच राहिला, कारण कॉलर माइक काढून द्यायला ती विसरली होती.

दोनशे वर्षांच्या त्या जुन्या बंगल्यात उन्हाळ्याचा कला आणि विचार महोत्सव भरला होता, आणि आवाजाचं काम दरवर्षीप्रमाणे त्याच्याकडे होतं. पत्रिकेत लेकीचं नाव वाचल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. तिच्या लग्नाला तो हट्टाने गेला नव्हता. त्याला सात वर्षं झाली, दोघांत एक शब्द नाही. आज माइक लावायला त्याने संयोजिकाबाईंना पुढे केलं आणि स्वतः मागे, मिक्सरच्या आड, चोरासारखा बसून राहिला. लेक जुन्या नकाशांवर तासभर बोलली. नकाशातलं त्याला ओ की ठो कळलं नाही, पण तिचा आवाज त्याने जिवापाड सांभाळला. मागच्या बाजूला तिने एकदाही पाहिलं नाही.

मंचावर आता एक तत्त्वज्ञ आले होते. माणूस मंचावरून उतरला की त्याचं बोलणं ऐकायचं नाही, हे त्याने हाताखालच्यांना शंभरदा बजावलं होतं. आज तिचा माइक बंद करायला त्याचाच हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

हेडफोनमध्ये तिची पावलं वाजत होती. तीन दिवस वायरी ओढून बंगला त्याला पाठ झाला होता. ही जिन्याची सैल पायरी. हा मागचा दरवाजा. ही बागेतली खडी. मग कारंज्याचं पाणी, आणि अगदी कानाशी तिचा श्वास. एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं, असं त्याने मनाला समजावलं. मन काही ऐकेना.

तिने घसा खाकरला.

"मी माइक विसरले असं वाटलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "आवाजवाल्याची पोर आहे मी, बाबा."

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तत्त्वज्ञांचा आवाज कधीच घुमायला लागला होता. त्याचा त्याला पत्ता नव्हता.

"कारंज्यापाशी बसलेय. तुमचं काम संपेपर्यंत थांबते." मग तिने कारंज्याच्या पाण्यात हात फिरवल्याचा आवाज. "ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला.

मागच्या रांगेतल्या चार माना वळल्या.

"हो ग, ऐकतोय."