सासूबाईंचा गजरा

“मी मान हलवली की तूही हलव. तोंडातून ब्र काढू नकोस, माझ्या गुरुजींसमोर लाज जाईल,” मैफलीत पुढे बसलेल्या सासूबाई कुजबुजल्या.

लग्नाआधी मी गाणं ऐकलं ते वरातीतल्या बँडचं. म्हणून त्यांच्या गजऱ्यावर नजर ठेवली. गजरा हलला की मी हलायचे.

पण गुरुजींचा सूर पंचमीच्या झोक्यासारखा वर वर गेला आणि गजरा दिसेनासाच झाला. पोटात गुदगुल्या! सूर गिरकी घेऊन अलगद उतरला, तशी मी किंचाळलेच, “अगं बाई!”

सासूबाईंनी मागे हात घालून चिमटा काढला. गुरुजी मात्र खुदकन हसले. “पोरी, परत देऊ?” म्हणाले, आणि तीच गिरकी आणखी लाडात घेतली.

यावेळी गजरा दिसलाच नाही. सासूबाई वळून, माझी मान कधी हलते ते बघत होत्या.