इंग्रजीतले नकार

"वेणी सोड, पोरी," जीवरामनाना म्हणाले.

मंजुळाने वेणी सोडली. साक्रीहून आलेल्या या माणसाने मिशीला कलप लावला होता. घामाने त्याचा काळा ओघळ ओठापर्यंत उतरला होता. शेव चघळत तो तिचे केस पाहत होता, मग केसांखालची पाठ. तिने पदर पाठीवर ओढून घेतला.

धुळ्यातल्या या बैठकीत ती पाचव्यांदा अशी उभी होती. इंटर झालेली, बाविशीतली. आधीच्या चौघांना तिने नाही म्हटलं होतं आणि बापाने, चुडामणने, ते ऐकलंही होतं. काल मात्र त्याचा आवाज नको इतका मऊ होता.

"घर मोठं शे. इंग्रजी शिकेल मानूस शे घरमा. तू हा म्हनशी तरच, नही ते नही."

तो इंग्रजी शिकलेला माणूस नानांच्या शेजारी बसला होता. त्यांचा मुलगा अभिमन, पुण्याला एम. ए. करणारा. तो सतरंजीकडे बघत होता.

"आता चालून दाखव," नाना म्हणाले.

"राहू द्या, नाना. ढोर का शे ती?" अभिमन मंजुळाकडे वळला. "मी प्रबंध लिहितोय. इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बायका पुरुषांची सत्ता कशी झुगारतात, यावर. तुम्ही वाचता म्हणे?"

"मिळेल ते वाचते."

"त्या बायका ठणकावून नकार देतात. आपल्याकडच्या का देत नाहीत?"

"त्यांना निदान कुणी विचारतं," मंजुळा म्हणाली. "इथे वेणी मोजतात."

चुडामणला ठसका लागला. नाना खदखदून हसले आणि तोंडातली शेव सदऱ्यावर सांडली. "तिखट शे!"

अभिमन हसला नाही. त्याने खिशातून वही काढून तिचं वाक्य टिपून घेतलं.

"मग मी विचारतो," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, आमच्या घरात बाई नाही. पुस्तकांची दोन कपाटं आहेत, त्यांना कुलूप नाही. आमच्या घरी यायची तुमची इच्छा आहे? नाही म्हणालात तर चहा घेऊन उठू. कुणी राग धरणार नाही."

बावीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

तिने एकवार नानांकडे पाहिलं. ते जिभेने दात कोरत होते. असला सासरा! पण तेवढी किळस गिळता येईल, तिने ठरवलं. संसार काही त्याच्याशी करायचा नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

"मोकळ्या मनाने?"

"मोकळ्या मनाने."

चुडामणने घाईघाईने नारळ नानांच्या हाती दिला. लेकीकडे मात्र तो बघेना.

अभिमन उठला. तिच्यासमोर आला आणि खाली वाकून त्याने तिला नमस्कार केला.

"अहो, हे काय?"

"येतो, आई," तो म्हणाला.