एका दमाचं वाक्य

सदाशिवरावांनी पान हातात घेतलं, छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या प्रकाशनाची ही जुनी रीत. वाक्य एका दमात संपलं तर राहतं. जिथं दम तुटेल तिथं लाल पेनाचा पूर्णविराम.

तनुजा समोर बसून बघत होती. तिच्या कादंबरीतली बाई नोकरीचा कागद पदराखाली धरून फाट्यावरून घराकडं निघाली होती, आणि पगार आला की दारात नळ, नळ आला की सासूची कंबर मोकळी, मग पोरीला सायकल, मग त्या सायकलीवर पोरगी थेट कॉलेजात, असं तिचं वाक्य दीड पान थांबायचं नावच घेत नव्हतं. सदाशिवराव सायकलीपर्यंत पोचले आणि त्यांना ठसका लागला. तिथंच पूर्णविराम पडला.

"दम तुमचा संपला सर, अन् टिंब माझ्या बाईला?"

ते पाणी पिऊन हसले. हसणंही बेताचंच, खर्च जपून केल्यासारखं. "अहो, गावाकडची बाई एवढं लांबलचक बोलते का?"

"बोलू देतंय कोण? म्हणून तर मनात बोलते."

"त्यापेक्षा हे तुमचंच पुढचं बघा. 'नवऱ्यानं कागद फाडला. ती भाकरी थापायला बसली.' वा! हे खरं तुमच्या मातीतलं. सगळी कादंबरी अशी तोडून द्या, पुढच्या महिन्यात छापतो."

त्यांनी करारपत्र पुढं सरकवलं. आजवर बाकीच्या प्रकाशकांनी साधी पोचही दिली नव्हती. करारापर्यंत आलेला हा पहिलाच. तनुजानं लाल पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि परत ठेवलं.

"हे तुम्हाला भिडलं ते त्या दीड पानामुळं, सर. तिला माळवदावर चढूच दिलं नाय, तर ती पडणार कुठून?"

"तनुजाताई, असा हट्ट धरलात तर कुणीच छापणार नाही."

"बघू की."

बाडाला रबर लावून ती उठली. जिना उतरते न उतरते तोच करमाडहून आईचा फोन. मनकर्णाबाई सकाळपासून फोन मांडीवर घेऊनच बसल्या असणार.

"काय झालं गं? छापणार का पुस्तक?"

"छापणार."

"तू लिहिलं तसंच?"

"व्हय, तसंच."

"लई झ्याक! कोण छापणार हाय?"

"तेवढं ठरायचंय," तनुजा म्हणाली. "बाकी सगळं ठरलंय."