बाळ वळलं तर

"डोकं खाली, बूड वर," सासू म्हणाली. "आणि हसू नकोस. हसलीस की पोट हलतं."

"पोट हलावं म्हणूनच चाललंय ना हे सगळं, आई?" सतरंजीवर गुडघे आणि कोपरं टेकून सून म्हणाली.

बाळंतपण तोंडावर आलं होतं आणि बाळाचं डोकं अजून वरच, बरगड्यांखाली. डॉक्टरीणबाईंनी हा व्यायाम सांगितला होता, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या तपासणीपर्यंत बाळ वळलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

सासू शेजारी फतकल मारून बसायची आणि सुनेच्या पोटाशी तोंड न्यायची. "उतर रे भामट्या खाली. वर माळ्यावर काय दडवून ठेवलंयस?" जन्मभर तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. आवाज अजून तसाच होता, गोड आणि हुकमी. सुनेने एकही वेळ चुकवलेली तिला खपत नसे. तिचा स्वतःचा मुलगा पायाळू. त्याच्या वेळी तिने जे भोगलं, ते वैरिणीच्याही वाट्याला येऊ नये असं तिला वाटे.

तो मुलगा आता जहाजावर फिटर होता. गेल्या खेपेला आठ दिवसांसाठी आला होता. त्यानंतर घरात आला तो फक्त त्याचा आवाज, तोही जहाज बंदराला लागलं की.

रविवारी फोन वाजला. सून ताटं पुसत होती, म्हणून सासूने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"वळलं का गं, आई?"

"कुठलं वळतंय! बापावर गेलंय."

तो हसला. मग म्हणाला, "ऑपरेशन ठरलं तर तारीख मिळेल ना? तारीख असली तर कंपनी बदली माणूस पाठवते. मला आठ दिवस सोडतील. नाहीतर आज होईल की उद्या, याच्या भरवशावर जहाजावरून कोण सोडणार?"

सून ताट पुसत राहिली. ते कधीच कोरडं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने सतरंजी अंथरली नाही. "धुवायला टाकलीय," ती म्हणाली. संध्याकाळी सतरंजी वाळली नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेचे पाय सुजल्यासारखे दिसत होते. मग कुणी पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. सून दर वेळी "बरं, आई" म्हणायची आणि खिडकीपाशी जाऊन बसायची.

ऑपरेशनं हल्ली रोज होतात, असं सासूने मनाशी घोकलं. वरच्या मजल्यावरची मुलगी नाही का, चार दिवसांत जिना चढायला लागली. आणि पोरीलाही नवरा जवळ हवाच असणार. बोलून दाखवत नाही एवढंच. तिने कपाटातून मुलाचा चौकड्यांचा शर्ट काढून त्याला इस्त्री केली. त्याची उशी उन्हात टाकली. कणीक मळायला घेतली की हात आपोआप एक मूठ जास्त पीठ घ्यायचा. फक्त एक झालं. सुनेच्या पोटाशी बोलणं तिने सोडून दिलं. तिकडे बघायचा धीर व्हायचा नाही.

एका दुपारी ती भाजी आणायला निघाली आणि कोपऱ्यावरून परतली. पिशवी घरीच राहिली होती. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. सून फरशीवर होती. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर, डोकं जमिनीला, चेहरा लालबुंद. दम लागला होता तरी ती पोटाशी बोलत होती. "वळ रे राजा. आजी यायच्या आत वळ."

सासू आत येऊन सुनेजवळ बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"मला सांगायचंस की गं," ती म्हणाली. "भीती वाटते ना तुला ऑपरेशनची? आणि मी मेली सतरंज्या धुतेय."

"भीती नाही वाटत, आई."

"मग हे लपूनछपून कशाला?"

"तुम्हाला त्याने यायला हवंय. तुमच्या डोळ्यांसमोर कशी करू?"

"अगं, पण तुला नकोय का? बाळ वळलं तर तारीख नाही. तारीख नाही तर तो येत नाही. ऐकलंस ना तू त्या दिवशी?"

"ऐकलं. म्हणूनच करतेय."

सून सरळ झाली नाही. तिने कपाळ फरशीवर टेकवलं आणि तशीच, खाली बघत बोलली.

"कळा सोसेन मी, आई. पण आठ दिवसांनी बॅग उचलून तो पुन्हा दाराबाहेर जाणार, आणि मी ओंजळीएवढं बाळ घेऊन उंबऱ्यात उभी... ते नाही सोसायचं. यायचं तर राहायलाच येऊ दे त्याला."